बिऱ्हाड

व्हिसाच्या अर्जावर मी 'डिपेंडंट' आहे. आईने अर्थ विचारला तेव्हा जमेल तसा सांगितला. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “म्हणजे सुनेच्या जीवार जातलस.” मग स्वतःच हसली.

बायको नर्स आहे. जानेवारीत ती इंग्लंडला गेली. इंग्रजीची परीक्षा, मग कम्प्युटरवरची, आणि तिकडे गेल्यावर हात चालवून दाखवायची तिसरी. तीन वर्षं ती रात्रपाळी करून आली की चहाबरोबर अभ्यासाला बसायची. आम्ही बापलेकीने काय केलं, तर आवाज केला नाही.

सुरुवातीला माझा बेत वेगळा होता. मुलीला तिच्या आईकडे पाठवायचं आणि मी इथेच देवगडात राहायचं. आंब्याची ऐंशी कलमं आहेत, गुडघे धरून चालणारी माझी आई आहे. नियम वाचला आणि बेत बारगळला. मूल सहसा आईबाप दोघेही तिकडे असतील तरच जाऊ शकतं. एकट्या आईकडे जायचं तर मुलाची सगळी जबाबदारी तिच्या एकटीवर आहे हे दाखवावं लागतं, नाहीतर तसंच काही भक्कम कारण लागतं. मी तर इथे धडधाकट, रोज शाळेत सोडणारा. म्हणजे मी मागे राहिलो तर आठ वर्षांची पोरही मागे राहणार.

आणि आई? तिला त्या कागदांवर रकानाच नाही. नवरा-बायको आणि अठराच्या आतली मुलं, एवढंच कुटुंब. आईवडिलांसाठी वेगळा रस्ता आहे, पण तो आपल्याला तिकडे कायमचं राहायची परवानगी मिळाल्यावर. तेव्हाही दाखवायचं काय, तर म्हातारीला रोजच्या कामांना माणूस लागतं आणि ती काळजी इथे पैसे मोजूनही मिळत नाही. थोडक्यात, आई अंथरुणाला खिळली तरच तिला न्यायचा विचार होणार. नाहीतर पाहुणी म्हणून यायचं, एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने.

तरी आम्ही नशीबवान. शेजारच्या वाडीतली एक मुलगी केअर वर्कर म्हणून, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करायला गेली, तिचा अर्ज ११ मार्च २०२४ नंतरचा. त्या तारखेपासून केअर वर्करना नवरा-मुलं नेता येत नाहीत. तिचा मुलगा आजोळी वाढतोय.

कागदांनी मात्र जीव काढला. बायकोचा पासपोर्ट माहेरच्या नावाचा, मुलीच्या जन्मदाखल्यात आईचं नाव सासरचं. त्या दोन्ही बायका एकच आहेत असं प्रतिज्ञापत्र करायला तालुक्याला तीन खेपा झाल्या. टीबीच्या तपासणीला कणकवलीहून कोकणकन्येने मुंबई गाठली. माझा एक्स-रे काढला. अकराच्या आतल्या मुलांचा सहसा काढत नाहीत, त्यामुळे डॉक्टरांनी लेकीला नुसतं तपासून सोडलं. तेवढ्यानेही ती रुसली.

पैशाचं गणित असं. हॉस्पिटलने बायकोची हमी घेतली, आमची नाही. म्हणून माझे २८५ आणि मुलीचे ३१५ पौंड, मिळून सत्तर हजारांच्या आसपास, सलग २८ दिवस खात्यात पडून दाखवायचे. आंब्याचे पैसे नुकतेच आले होते आणि फवारणीवाल्याची उधारी डोक्यावर. त्याला महिनाभर तोंड चुकवलं. व्हिसाबरोबर भरायचा आरोग्याचा अधिभार तेवढा नर्सच्या कुटुंबाला माफ आहे. इतर नोकऱ्यांत तो मोठ्या माणसामागे वर्षाला १,०३५ पौंड आणि मुलामागे ७७६. तीन वर्षांचा एकदम भरायचा. आमच्याच्याने ते झालं नसतं.

एक गंमत सांगतो. बायकोला ज्या हॉस्पिटलने नेलं तिथली नोकरी सांभाळावीच लागते. मी डिपेंडंट, तर मला जवळपास कुठलंही काम करता येतं. फक्त व्यावसायिक खेळाडू किंवा कोच होता येत नाही. आमच्या वाडीच्या अंडरआर्म टीमने याबद्दल दुखवटा पाळला.

वडील लालबागला गिरणीत होते. आई इथेच. मुंबईत बिऱ्हाड करायचं, असं ते दरवर्षी गणपतीला येऊन म्हणायचे. पण खोलीत आधीच अकरा माणसं होती, जेवण खानावळीत. त्यांना कुठल्या सरकारने अडवलं नव्हतं, खोलीनेच अडवलं. १९८२ च्या संपात गिरणी सुटली आणि ते परत आले तेव्हा मी दीड वर्षाचा होतो. बिऱ्हाड झालंच नाही. मी आईला याबद्दल कधी काही विचारलेलं नाही, आणि तीही आपणहून बोलत नाही.

माझ्या जाण्याचं मात्र तिनेच ठरवलं. “पोराक आवशीपासून लांब ठेवू नको,” एवढंच. कलमं कराराने दिली. कणकवलीची ताई तिला घेऊन जायला तयार आहे, पण आई चतुर्थीआधी हलणार नाही. “झिला, गणपती कोण पुजतलो?”

गेल्या महिन्यात तिचाही पासपोर्ट काढायला टाकला. आधारवर जन्मतारीख १ जानेवारी, गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांसारखी. चौकशीला आलेल्या पोलिसाने विचारलं, “आजी, खंय चल्लात?”

“बिऱ्हाड बघूक,” ती म्हणाली, आणि त्याला सोलकढी आणायला आत गेली.