तुम्ही विचारलंत म्हणून: भर पावसात गाडी घेऊन रामेश्वरला का गेलो

हा प्रश्न मला उदगीरच्या चौकात विचारतात, शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारतात, परवा एका लग्नात पंगतीला बसलो तर वाढणाऱ्यानं पण बुंदी हातात धरून विचारलं. "सर, खरं सांगा, म्हाताऱ्या माणसांला घेऊन, चौदाशे किलोमीटर, ते पण पावसात, ते पण वॅगन आरनं? ट्रेन नव्हती का?"

आधी ट्रेनचं सांगून टाकतो. नव्हती. आम्ही गेलो २०२३ च्या दिवाळीनंतर, आणि रामेश्वरच्या बेटावर जाणारा पांबनचा जुना रेल्वे पूल २०२२ च्या डिसेंबरात बंद झालेला, नवा बांधून व्हायचा होता, त्यामुळं गाड्या अलीकडंच थांबायच्या आणि तिथून बसनं बेटावर. मायचे गुडघे, अण्णांची म्हणजे वडिलांची शुगर, दर दोन तासाला थांबणं, बॅगा चढवा उतरवा, त्यापेक्षा म्हटलं आपली गाडी बरी.

आता पावसाचं. ह्याचं खरं उत्तर ऐकून लोक हसतात पण ते तसंच आहे, आम्ही पावसात गेलो कारण पाऊस पडला नव्हता.

म्हणजे आमच्याकडं. २०२३ चा ऑगस्ट आठवतोय का बघा, १९०१ पासून देशात एवढा कोरडा ऑगस्ट झाला नाही म्हणतात, आणि सोयाबीन नेमकं फुलात-शेंगात असतं तेव्हा. आमच्या रानात शेंगा धरल्या पण आत दाणा ज्वारीएवढा. दरवर्षी दिवाळी खळ्यात जाते, त्या वर्षी सगळी रास दोन दिवसांत उरकली आणि रब्बीला ओल नाही म्हणून पेरायचंही काही नाही. अण्णा भाऊबीजेच्या संध्याकाळी ओट्यावर बसले होते, रिकामे. माझ्या आठवणीत नोव्हेंबरात रिकामे बसलेले अण्णा मी पहिल्यांदा बघितले. एकदम म्हणाले, "गडू घेऊन जाऊन येऊ या का?"

गडूचं सांगायला पाहिजे. माझे आजोबा १९९४ ला काशी करून आले तेव्हा तांब्याच्या गडूत गंगा आणली, तोंडाला डाख लावून पक्की बंद केलेली. गावात मावंदं घातलं, गंगेची पूजा झाली, आणि गडू देवघरात बसला. आमच्याकडं असं आहे की काशीचं पाणी रामेश्वरला घालायचं आणि रामेश्वरची वाळू नेऊन प्रयागला गंगेत सोडायची, तेव्हा कुठं यात्रा पुरी. आजोबांची अर्धीच झाली, चार वर्षांनी ते गेले, आणि जाताना गडू अण्णांच्या गळ्यात टाकून गेले. पीक आलं की कामातून सवड नाही, पीक गेलं की पैसा नाही, असं करत एकोणतीस वर्षं गडू तिथंच. अण्णा दर दिवाळीला तो चिंचेनं घासायचे, कानाजवळ नेऊन हलवायचे आणि म्हणायचे, "हाय पाणी." २०१६ च्या उन्हाळ्यात, मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं तेव्हा, आमच्या गल्लीत टँकर आठवड्यातून एकदा यायचा आणि माझं पोरगं, तेव्हा चार वर्षांचं, देवघराकडं बोट करून म्हणायचं की तिथं आहे की एक तांब्या. त्याला काय सांगावं कळायचं नाही.

तर २०२३ ला माझा पगार होता, गाडी होती, दिवाळीची सुट्टी होती आणि रानात काम नव्हतं. मी आपलं गणित केलं की पावसाळा संपलाय, थंडी सुरू व्हायचीय, रस्ते कोरडे. भूगोल माझा विषय नाही, मराठी शिकवतो मी. तमिळनाडूचा खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, ईशान्येकडून येतो, हे आठवीच्या पुस्तकात असेल पण माझ्या डोक्यात नव्हतं. आपला पाऊस गेला म्हणजे देशाचा गेला असंच आपल्याला वाटतं ना.

उदगीरहून निघालं की वीसेक किलोमीटरवर कमलनगर, म्हणजे कर्नाटक. बॉर्डर बॉर्डर म्हणून पोरगं खिडकीला चिकटलं होतं, आणि आली ती बॉर्डर म्हणजे पाट्यांची लिपी बदलली, बाकी टपरीवरचा माणूस मराठीतच बोलतोय. अण्णा म्हणाले, "ही कसली बॉर्डर, बाबांच्या कागदावर आपला जिल्हाच बीदर हाय." खरं आहे ते. १९५६ पर्यंत उदगीर, अहमदपूर, निलंगा सगळं बीदर जिल्ह्यात, निजामाच्या राज्यातून आलेलं, जुने कागद उर्दूत. मग राज्यं भाषेवर पाडली आणि आम्ही इकडं, बीदर तिकडं. जागचं कुणी हललं नाही. रामेश्वरपर्यंत अशा पाच सीमा ओलांडल्या, कर्नाटक तर दोनदा लागलं, आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीला कुठं टॅक्स नाही परमिट नाही, हे पण सांगतो कारण ते पण विचारतात. पिवळ्या पाटीच्या गाडीनं गेलात तर टॅक्स-परमिटचं आधी विचारून घ्या.

थांबवलं ते फक्त तेलंगणात. ३० नोव्हेंबरला तिथं विधानसभेचं मतदान होतं, जहीराबादच्या अलीकडं पोलीस प्रत्येक गाडीची डिकी उघडत होते, पन्नास हजारांच्या वर रोख असली की कागद दाखवा. आमच्या डिकीत धपाटे, शेंगाची चटणी, कडक भाकरीचा डबा, आणि जुन्या धोतरात गुंडाळलेला जड तांब्याचा गडू ज्याचं तोंड डाख लावून बंद. त्या पोलिसानं तो उचलला, हलवला, आत काहीतरी डुचमळलं, झालं, त्याचा चेहरा बदलला. उघडा म्हणाला. माझी बोबडी वळली पण अण्णा उतरले आणि त्यांच्या ठेवणीतल्या दख्खनीत म्हणाले, "गंगा का पानी है साब, रामेश्वर कू लेके जारे, उनतीस साल से बंद है, अब्बी तुम खोलते क्या?" पोलिसानं दोन क्षण बघितलं, गडू डोळ्याला लावला, जागेवर ठेवला. आणि मग बाकीची डिकी नीट तपासली, ते काही त्यानं सोडलं नाही. पन्नाशीचा माणूस होता, मिशा पांढऱ्या.

पैठणच्या नाथांनी रामेश्वरला न्यायची कावड वाटेत तहानलेल्या गाढवाला पाजली ती गोष्ट मायनं कुरनूलपर्यंत पोराला सांगितली. पोरगं म्हणालं, मग आपल्याला रस्त्यात गाढव भेटलं तर? अण्णा म्हणाले, "आता कुठली आलीत गाढवं. एक हाय ते गाडी चालवूलालंय." बायको एवढी हसली की मला ते आजही खटकतं.

पहिला मुक्काम कुरनूल, दुसरा कृष्णगिरी. रस्ता नंबर ४४, हैदराबाद सोडलं की मदुराईपर्यंत तोच, टोल भरपूर पण रस्ता असा की चहा सांडत नाही. ह्या भागाबद्दल मला काही फार सांगायचं नाही.

दिंडीगल मागं पडलं आणि पाऊस आला. मी वायपर चालू केला आणि तो काचेवर दोनदा फिरून उजवीकडचं रबर सोलपटून लोंबायला लागलं. का माहितेय? त्या वर्षी वायपर मी चालूच केला नव्हता! जूनपासून गाडी उन्हात उभी, रबर वाळून चिवड्यातल्या खोबऱ्यासारखं झालेलं, आणि मी निघताना टायर बघितले, ऑइल बघितलं, बॅटरी बघितली, वायपर कोण बघतंय दुष्काळात. समोर काहीच दिसेना, ट्रक बाजूनं गेला की अंगावर विहीर उपसल्यासारखं पाणी. गाडी बाजूला घेतली. माझे हात थरथरत होते हे खरं लिहितो. अण्णा म्हणाले, "कशाला भिऊलालास," आणि खिशातून गाय छापची पुडी काढली, उतरले, पावसात उभं राहून ओली तंबाखू काचेवर चोळली, जुने ट्रकवाले करायचे तसं. आणि खरंच पाणी थेंब न धरता पसरून वाहायला लागलं, बऱ्यापैकी दिसायला लागलं, तीसच्या स्पीडनं मदुराईपर्यंत आलो. तिथं एका गॅरेजवाल्यानं दोन्ही वायपर बदलून दिले, आम्हाला तमिळ नाही त्याला हिंदी नाही, पण तुटलेलं रबर हातात धरून दाखवलं की भाषा लागत नाही. काचेवरच्या तंबाखूचा वास घेऊन तो मात्र बराच वेळ विचारात पडला होता.

मदुराईच्या पुढं रामनाथपुरम जिल्हा लागला आणि अण्णा गप्प झाले, मग म्हणाले, हे तर आपलंच गाव. दोन्ही बाजूला वेडी बाभूळ, मैलच्या मैल. हा तमिळनाडूतला कोरडा भाग, पाऊस पडला तर ह्याच दोन-तीन महिन्यांत पडणार, आणि तो साठवायला जुने तलाव, कन्माय म्हणतात ते. एका तलावाच्या बांधावर चहाची टपरी होती, चहावाला वर बोट करून "मळै, मळै" म्हणत एवढा खूश होऊन हसत होता की अण्णांनी त्याच्या पाठीवर थापच मारली. मळै म्हणजे पाऊस, एवढं त्यांना न सांगता कळलं. आपल्याकडं त्याच दिवसांत नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीला साडेआठ टीएमसी पाणी सोडायचं की नाही यावरून भांडणं चालली होती. मायनं तिथं गोल वाळली मिरची बघितली, मुंडू म्हणतात, दोन किलो घेतली. परत येईस्तोवर गाडीत सगळे शिंकत होतो.

बेटावर जायचा रस्त्याचा पूल १९८८ चा, दोन किलोमीटरच्या वर लांब. मधोमध गेलं की डावीकडं खाली रेल्वेचा जुना पूल, १९१४ चा, मधला भाग दोन बाजूंनी वर उघडायचा, बोटी जायला. आम्ही बघितला तेव्हा रिकामा पडलेला आणि शेजारी नव्याचं काम चाललेलं. वारा असा की दार उघडलं ते दोघांनी मिळून लावलं. वारा ताशी ५८ किलोमीटरच्या वर गेला की त्या जुन्या पुलावर ट्रेन थांबवायचे, हे मला नंतर कळलं, नाहीतर मी फोटो काढायला थांबलोच नसतो.

देवळात आधी समुद्रात स्नान, मग आत बावीस तीर्थांवर. तीर्थं म्हणजे बहुतेक विहिरीच, एकाच देवळाच्या आवारात, माणूस कठड्यावर उभा राहतो, दोराला बांधलेलं डबडं सोडतो आणि तुमच्या डोक्यावर ओततो. वरून पाऊस चालूच. लोक मोजतात पुण्य, अण्णा मोजत होते दोर. "दहा हात. बघ, ह्याला बी दहा हात." आमचं बोअर सहाशे फुटांवर कोरडं गेलेलं, आणि इथं चारी बाजूला समुद्र असून हाताच्या अंतरावर गोडं पाणी. बाविसाव्या विहिरीपर्यंत त्यांनी प्रत्येक कठड्यावरून वाकून बघितलं, मागची रांग ओरडत होती.

ओले कपडे बदलून अभिषेकाची पावती फाडली. गडूचा डाख फोडायला पुजाऱ्यांनी कुणालातरी हाक मारली, आणि ती हाक मला अर्धवट मराठी वाटली. तिथल्या पुजाऱ्यांची घराणी मूळची महाराष्ट्रातली असं सांगतात, पण बोलणं आता पार वेगळं झालंय, ओळखीचं वाटतं आणि कळत नाही. पाणी गळ्यापर्यंत भरलेलं होतं, एक थेंब कमी नाही, थोडा हिरवट रंग. अभिषेक दीड मिनिटात झाला. एकोणतीस वर्षं आणि दीड मिनिट. अण्णांनी रिकामा गडू हातात घेतला, सवयीनं कानाजवळ नेला आणि हलवला. मी दुसरीकडं बघितलं.

दुसऱ्या दिवशी धनुष्कोडी. सकाळी वाऱ्यामुळं टोकापर्यंत गाड्या सोडत नव्हते, दुपारी सोडल्या. डिसेंबर १९६४ च्या वादळात हे गाव एका रात्रीत गेलं, पांबनहून येणारी पॅसेंजर ट्रेन माणसांसकट गेली, चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. त्याआधी मद्रासहून बोट मेल नावाची ट्रेन इथपर्यंत यायची आणि इथून बोटीनं तलैमन्नार, श्रीलंका. आता रस्ता संपतो तिथं नुसतं पाणी, दोन बाजूंचे दोन समुद्र, एक खवळलेला एक गप्प. अण्णांनी विचारलं पलीकडं जायला काय लागतं, मी म्हटलं पासपोर्ट. "आधी तिकीट लागायचं, आता पासपोर्ट," म्हणाले, आणि खाली बसून गडूत वाळू भरायला लागले. भिजलेली वाळू, जड.

तेव्हा आता मला दुसरा प्रश्न विचारतात की प्रयागला कधी. पांबनचा नवा पूल एप्रिल २०२५ ला सुरू झाला, ट्रेन परत बेटावर जाते, तुम्ही खुशाल ट्रेननं जा. आमच्या वाळूचं म्हणाल तर २०२५ च्या सप्टेंबरात मांजरा-तेरणा पात्र सोडून रानात आल्या, सोयाबीन पाण्यात उभं कुजलं, खळं झालंच नाही. अण्णा ओट्यावर बसून आहेत. मी वायपर बदलून आणलेत, बाकी अजून काही ठरलेलं नाही.