वजीर प्याद्याच्या तोंडी

दुपारचा चहा उकळेपर्यंत मोबाइलवर संगणकाशी बुद्धिबळाचा एक डाव टाकायचा, ही माझी सवय. पातळी अर्थातच खालची. परवा समोरचा बारा चाली अशा खेळला की मी मनातल्या मनात कान पकडले. तेराव्या चालीला त्याने वजीर उचलला आणि माझ्या प्याद्याच्या तोंडी आणून ठेवला. ना शह, ना कसला सापळा. मी जिंकलो, पण लहानपणी मामा मुद्दाम हरला की व्हायचं तसंच माझं तोंड झालं.

स्टॉकफिशसारखं इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, जगज्जेत्यालाही लोळवेल. त्याची पातळी 0 ते 20. ती उतरवली की ते निदान चार चाली काढतं आणि थोडं नशिबावर सोडून त्यांतली एखादी हलकी चाल उचलतं. म्हणजे चूकसुद्धा चिठ्ठी टाकून!

आमच्या चुका अशा नसतात हो. फुकटचं प्यादं दिसलं की माझा वजीर निघालाच. शह देता येतोय ना, मग द्यायचाच. लांबच्या कोपऱ्यात दबा धरून बसलेला उंट तर मला आजवर वेळेवर दिसलेला नाही. पण प्रत्येक घोडचुकीमागे हाव, घाई नाहीतर भीती असते, आणि ती मी नंतर चहा पिताना सविस्तर सांगू शकतो.

हेच हेरून टोरांटो आणि कॉर्नेल विद्यापीठं व मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी 2020 मध्ये ‘माया’ ही बुद्धिबळ खेळणारी प्रणाली बनवली. (नाव बाकी झकास.) 1100 ते 1900 रेटिंगसाठी (म्हणजे खेळाडूची ताकद सांगणारा आकडा) नऊ प्रतिरूपं, लिचेस या बुद्धिबळाच्या संकेतस्थळावरच्या माणसांच्या लाखो डावांवर शिकवलेली. उत्तम चाल कोणती, हे तिला विचारतच नाहीत. इथे माणूस काय खेळला असता, एवढंच. निम्म्याच्या आसपास वेळा ती बरोबर ओळखते. गंमत म्हणजे 1100ची माया 1100च्या माणसापेक्षा बरी खेळते. जो तो आपापल्या तऱ्हेने चुकतो आणि ही बहुतेकांची चाल उचलते. कट्ट्यावर डावाभोवती जमलेल्या दहाजणांचं बहुमत घ्यावं तशी.

काल तिच्याशी बसलो. आठव्या चालीला तिने वजिराने माझं हत्तीशेजारच्या घोड्यापुढचं प्यादं खाल्लं. अगदी माणूस भेटला! त्या आनंदात मी तो वजीर कोंडायला निघालो, आणि कोपऱ्यातला हत्ती त्याच्याच माऱ्यात आहे हे मला तो गेल्यावर दिसलं.