धोपाव्याचा चढ आणि विजेची सायकल

मांडव्यापासून रत्नागिरीपर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने विजेच्या मोटारीची सायकल घेऊन जाता येते आणि अवश्य जावे. मात्र सायकल भाड्याने देणारे जो पल्ला सांगतात त्यावर विसंबून मुक्काम ठरवू नयेत. मला ‘एका चार्जमध्ये ८० किलोमीटर’ असे छातीठोकपणे सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात दाभोळहून फेरीबोटीने खाडी ओलांडून धोपाव्याहून गुहागरच्या वाटेला लागले, तेव्हा त्याच्या निम्मे अंतरही झाले नव्हते आणि बॅटरी संपली. भर दुपारी सामानासकट ती जड सायकल ढकलत चढ चढावा लागला.

पंक्चर काढणे, सामान नीट बांधणे आणि दिवसभर पायडल मारणे आपल्याला जमते असे मी गृहीत धरते. रेवदंडा, मुरूड, आगरदांडा-दिघी फेरी, श्रीवर्धन हा भाग त्या मानाने सोपा असल्याने त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. खरी परीक्षा बागमांडल्याला सावित्रीची खाडी ओलांडून वेश्वीला उतरल्यावर सुरू होते. तेथून पुढे रस्ता प्रत्येक खाडीपाशी समुद्रसपाटीला येतो आणि पुन्हा जांभ्या दगडाच्या सड्यावर, म्हणजे पठारावर, चढतो. दाभोळची वाशिष्ठीची खाडी झाली की तवसाळ-जयगडला शास्त्रीची खाडी आहेच.

म्हणून बॅटरीचा हिशेब चढावरून करावा. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासांच्या बॅटरीत ३६० वॅट-तास ऊर्जा असते. स्वार, सायकल आणि सामान मिळून ११० किलो वजन धरले, तर ते १००० मीटर उंच नेण्यास सुमारे ३०० वॅट-तास लागतात, आणि त्यात मोटारीत उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जा किंवा समोरचा वारा धरलेला नाही. त्यातला जेवढा वाटा पाय उचलतील, तेवढीच बॅटरी वाचते. मागच्या चाकाच्या तुंब्यात बसवलेली मोटार तीव्र चढावर चाक हळू फिरू लागले की तापते आणि वीज खाते. पायडलजवळची मोटार गिअरमधून साखळी ओढत असल्याने अशा ठिकाणी पुष्कळ बरी. एकच गिअर असलेली ई-सायकल या रस्त्यावर मुळीच नेऊ नये. सपाटीवर मोटार बंद ठेवावी आणि दाभोळला पोहोचताना निम्मी बॅटरी शिल्लक असेल असे पाहावे.

चार्जिंगचा अनुभव तर संतापजनक होता. एका मुक्कामाच्या ठिकाणी रात्रभराच्या चार्जिंगचे २०० रुपये मागितले गेले. एवढी बॅटरी पूर्ण भरण्यास अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज लागते, म्हणजे खर्च दहा रुपयांच्या घरात. तेव्हा खोली घेण्यापूर्वीच दर विचारून घ्यावा आणि वीस-पंचवीस रुपयांपेक्षा जास्त देऊ नये. २ अँपिअरच्या चार्जरने रिकामी बॅटरी भरायला पाच तास लागतात, त्यामुळे जेवणाच्या तासाभरात जेमतेम पाचवा हिस्सा भरतो. बॅटरी काढून खोलीत नेता येईल अशीच सायकल निवडावी.

मोटार लावली की ती सायकलसहल राहत नाही, हे म्हणणे मला मान्य नाही. पायडल मारल्यावरच मदत करणाऱ्या सायकलवर घाम येतो, पाय दुखतात आणि भूकही कडकडून लागते. गुडघे कुरकुरणाऱ्याला किंवा साठीच्या पुढच्या माणसाला मात्र त्या मदतीमुळेच तवसाळची वाट खुली होते. नुसता थ्रॉटल पिळत जायचे असेल, तर स्कूटर घ्यावी. २५० वॅटपेक्षा कमी शक्तीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतच धावणाऱ्या सायकलला आपल्याकडे नोंदणी लागत नाही, त्याहून दांडगी मोटार बसवलेली सायकल कोणी देऊ केली तर घेऊ नये.

परतीसाठी विमानाचा विचार करू नये, कारण १६० वॅट-तासांहून मोठी लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेता येत नाही. रत्नागिरीहून रेल्वेने किंवा टेम्पोने सायकल परत पाठवण्याची सोय निघण्यापूर्वीच करून ठेवावी.