ट्रक थांबतो तेव्हा

नववीत सर विचारायचे, ‘थांबलेल्या गाडीचा संवेग (वस्तुमान गुणिले वेग) कुठे गेला?’ वर्गाचं उत्तर ठरलेलं: घर्षणात संपला. ऊर्जेबद्दलही तेच. सर मात्र दोन प्रश्नांची दोन उत्तरं मागायचे. आज इंदूरमध्ये ट्रकच्या ब्रेकचं काम करताना तो फरक रोज कामी येतो.

प्रयोगशाळेतल्या ट्रॉल्या तो फरक दाखवतात. 1 किलोची ट्रॉली सेकंदाला 2 मीटर वेगाने तेवढ्याच वजनाच्या उभ्या ट्रॉलीवर सोडायची, मध्ये ओल्या मातीचा गोळा. दोघी चिकटून 1 मीटर वेगाने जातात. संवेग आधी 2, नंतरही 2. गतिज ऊर्जा मात्र 2 जूलची 1. उरलेला जूल चेपलेल्या मातीत उष्णता होऊन राहतो. (चाकांना तेल नसेल तर संवेगही कमी भरतो, तो टेबलात जातो.)

उभ्या ट्रॉलीच्या जागी पृथ्वी घ्या. 10 टनांचा ट्रक ताशी 36 किमी वेगाने येऊन थांबला, तर टायर रस्त्याला पुढे रेटतात आणि सगळा संवेग पृथ्वीला मिळतो. निघताना तिला मागे रेटलेलं असतं, त्याची ही फेड. पण तिचं वस्तुमान 6 पुढे 24 शून्यं इतके किलो, त्यामुळे ऊर्जेतला तिचा वाटा जवळजवळ शून्य. ट्रकच्या गतिज ऊर्जेचे 5 लाख जूल उष्णता होऊन गाडीवरच उरतात, बहुतेक ब्रेकच्या ड्रममध्ये (चाकाबरोबर फिरणारं लोखंडी डबडं).

खरी परीक्षा खंडवा रस्त्यावरच्या भेरूघाटासारख्या उतारावर. हाच ट्रक एकाच वेगाने 100 मीटर खाली आला तर सुमारे 98 लाख जूल सुटतात. सगळे ब्रेकवर घेतले आणि ड्रमचं लोखंड 100 किलो धरलं, तर तापमान 200 अंशांहून जास्त चढेल. तापलेला ड्रम फुगून लायनरपासून (त्याला आतून घासणाऱ्या थरापासून) लांब जातो, लायनरची पकड सुटते. ट्रकचा ब्रेक दाबणाऱ्या हवेचा दाब पूर्ण असूनही गाडी धरत नाही. छोट्या गाड्यांत जुनं, ओल शोषलेलं ब्रेक ऑइल उकळतं आणि पेडल खाली बसतं. म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच खालचा गिअर टाकावा, म्हणजे बरीचशी ऊर्जा इंजिन घेतं आणि रेडिएटर-सायलेन्सरमधून बाहेर सोडतं. ब्रेक सतत घासत ठेवू नये. जोरात दाबून सोडावा. न्यूट्रल तर कधीच नाही. तापलेल्या ड्रमवर पाणीही ओतू नये, तडा जातो.

इलेक्ट्रिक बसची मोटर थांबताना जनरेटर होते आणि काही ऊर्जा बॅटरीत परत जाते. संवेग मात्र तिथेही टायरमधून जमिनीतच जातो. तो बॅटरीत भरता येत नाही.