तुम्ही विचारलंत म्हणून: गवतावरची धावपट्टी

मी विमान चालवायला इंग्लंडमध्ये शिकले, हे कळले की पुढचा प्रश्न बहुधा ठरलेला असतो: पक्क्या धावपट्टीचे विमानतळ सोडून पॅनशँगरसारखे युद्धकाळातले गवताळ मैदान कशासाठी निवडलेत? पुण्याहून नोकरीनिमित्त गेलेली मी तेव्हा हर्टफर्डशरमध्ये राहत होते आणि वेलविन गार्डन सिटीच्या पूर्वेचे हे मैदान घरापासून जवळ होते, हे पहिले कारण. तिथेच टिकून राहिले ती मात्र त्या गवतामुळे.

दुसऱ्या महायुद्धात ही जागा आधी शत्रूला चकवण्यासाठी वापरली गेली. हॅटफील्डच्या डी हॅविलंड विमान कारखान्यावरचे बॉम्ब भलतीकडे पडावेत म्हणून इथे खोटा कारखाना उभारला होता. १९४२ मध्ये हॅटफील्डची प्राथमिक उड्डाणशाळा इथे हलवण्यात आली आणि टायगर मॉथ या दुपंखी विमानांवर नवशिके वैमानिक इथे तयार होऊ लागले. युद्ध संपल्यावरही शिकवण्याचे काम इथे होत राहिले.

आम्ही सेसना १५२ वर शिकत होतो. सकाळी पंखाखालच्या झडपेतून थोडे पेट्रोल पारदर्शक नळीत काढायचे आणि ती उजेडात धरायची. निळसर पेट्रोलच्या तळाशी पाण्याचा रंगहीन थेंब दिसला, तर तो दिसेनासा होईपर्यंत पुन्हा पुन्हा काढत राहायचे. मग धावपट्टी स्वतः चालून पाहायची, कारण पावसानंतर कुठे पाय रुततो हे कागदावर कळत नाही. ओल्या गवतावरून उड्डाण करताना पुढच्या चाकावरचा भार हलका करण्यासाठी नियंत्रणदांडा मागे ओढून धरावा लागतो. विमान कमी वेगातच जमीन सोडते, पण जमिनीलगत हवेचा जो जादा आधार मिळतो तो थोडे वर गेले की सुटतो; म्हणून पुरेसा वेग येईपर्यंत नाक खाली धरून गवताच्या जरा वरूनच उडत राहायचे. वर जाण्याची घाई आवरणे मला सर्वांत अवघड गेले आणि तेच सर्वांत उपयोगी पडले.

पश्चिमेला ल्युटन आणि पूर्वेला स्टॅनस्टेड हे मोठे विमानतळ आणि डोक्यावर लंडनचे नियंत्रित, म्हणजे परवानगीशिवाय शिरता न येणारे, हवाई क्षेत्र असल्यामुळे आम्हाला उडायला मोकळी जागा फारच अरुंद होती. नजर सतत बाहेर ठेवून, डिग्जवेलचा ४० कमानींचा रेल्वेपूल आणि मोटारमार्ग यांच्या खुणेने घरी परतायचे.

२०१४ मध्ये हे मैदान बंद झाले आणि जागा घरबांधणीसाठी ठरली. घरांची गरज मला मान्य आहे, तरीही हा निर्णय मला आजही चुकीचा वाटतो. त्या भागातल्या शिकाऊ वैमानिकाला आता एल्स्ट्रीसारख्या विमानतळावर जावे लागते. तेही चांगलेच आहे, पण तिथली धावपट्टी डांबरी आहे आणि ओल्या गवतावरून विमान उचलण्याचा सराव तिच्यावर होत नाही.