गावच्या चर्चचा इतिहास कपाटात आहे

आमचे गाव चंद्रपूर जिल्ह्यातले. तेथील चर्च पाहिल्यावर बाहेरून आलेला माणूस हमखास विचारतो, "हे इंग्रजांनी कधी बांधले?" टोकदार कमानींच्या खिडक्या, दाराजवळचे दगडी बाप्तिस्मापात्र आणि पूर्वेच्या भिंतीशी असलेली वेदी ही ठेवण अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या, वळणाचीच असल्यामुळे प्रश्न स्वाभाविक आहे. तरीही या चर्चचा इतिहास बांधकामाच्या सालापासून सांगायला सुरुवात केली, की त्यात साहेबच साहेब दिसू लागतात आणि दर रविवारी तेथे जमणारी मराठी मंडळी कोपऱ्यात ढकलली जाते. त्या मंडळीचा इतिहास व्हेस्ट्रीतील, म्हणजे पाळकाच्या झग्यांच्या व सामानाच्या खोलीतील, सागवानी कपाटात, नोंदवह्यांच्या रूपाने पडून आहे, आणि तो नीट जपला जात नाही, याची मला मनापासून काळजी वाटते.

विदर्भात अँग्लिकन पंथ दोन वेगळ्या वाटांनी आला. पहिली वाट छावणीची. १८२१ मध्ये कामठीला छावणी वसली, तेथे मद्रासच्या फौजेतील पथके असत, आणि गोऱ्या सैनिकांच्या उपासनेसाठी सरकारी पगारावर चॅप्लन, म्हणजे फौजेचा धर्मगुरू, नेमला जाई. नागपूरचे १८५१ मधील ऑल सेंट्स चर्च याच वाटेवरचे. पुढे त्याच्या विस्ताराचा आराखडा जॉर्ज फ्रेडरिक बॉडली या नामांकित इंग्रज वास्तुविशारदाने केला. तिसऱ्या रघुजी भोसल्यांच्या मृत्यूनंतर नागपूरचे राज्य खालसा झाले, गोरे अधिकारी वाढले आणि चॅप्लनचे कामही वाढले. मात्र ते काम मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांपुरतेच राहिले.

दुसरी वाट मिशनची, आणि खेड्यांपर्यंत पोहोचली ती हीच. चांद्याला, म्हणजे आजच्या चंद्रपूरला, स्कॉटलंडच्या एपिस्कोपल चर्चने आपले ठाणे केले. येथे एक घोटाळा नेहमी होतो. स्कॉटिश मिशन म्हटले की लोकांना १८४५ मध्ये नागपूरला आलेले स्टीफन हिस्लॉप आठवतात. पण हिस्लॉप फ्री चर्चचे, प्रेस्बिटेरियन परंपरेचे होते. त्यांच्यात कारभार वडीलमंडळाकडे असे; बिशप, म्हणजे पाळकांवरचा वरिष्ठ धर्माधिकारी, नसे. चांद्याचे स्कॉटिश मिशन मात्र बिशप मानणारे, अँग्लिकन कुळातले. आपल्या भागातील मंडळ्यांच्या चालीरीती समजून घ्यायच्या, तर हा फरक ध्यानात ठेवावाच लागतो.

बिशप असणे म्हणजे काय, हे दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने पुढे आपली श्रद्धा स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, नोंदवहीत स्पष्ट दिसते. बाप्तिस्मा गावातला पाळक देऊ शकतो, पण अँग्लिकन रीतीप्रमाणे दृढीकरण बिशपच्याच हातून व्हावे लागते. त्यामुळे बाप्तिस्म्याच्या नोंदी वर्षभर एकेक करून पडतात, तर दृढीकरणाच्या नोंदी बिशपांची फेरी झाली की एका दिवशी थव्याने येतात, आणि त्यानंतर पुष्कळ काळ पान कोरे राहते. १९०३ मध्ये नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, आयर चॅटर्टन पहिले बिशप झाले आणि ऑल सेंट्सला कॅथीड्रलचा, म्हणजे बिशपांच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला. त्याआधी मध्य प्रांत कलकत्त्याच्या बिशपांकडे होता. कलकत्त्याहून चांद्याच्या खेड्यात बिशप किती वेळा येणार होते? १९२६ मध्ये नागपूरचे बिशप झालेले अ‍ॅलेक्स वुड तर चांद्याच्या मिशनमध्येच काम केलेले होते. आमच्या भागाचा गाडीरस्ता माहीत असलेला माणूस त्या जागी बसला, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

बाप्तिस्म्याच्या जुन्या वहीचे एक पान डोळ्यांसमोर आणावे. उभे रकाने आखलेले आहेत: तारीख, मुलाचे नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, धंदा, पाळकाची सही. शाई तपकिरी पडली आहे आणि शिवणीपाशी वाळवीने कागदाची जाळी केली आहे. धंद्याच्या रकान्यात मोलमजुरी, विणकर, शिक्षक, स्वयंपाकी असे शब्द आहेत. १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळानंतरच्या पानांवर आईबापांच्या रकान्यात नुसती आडवी रेघ आहे, एकाखाली एक. मिशनने सांभाळलेली ती अनाथ लेकरे पुढे याच गावात संसाराला लागली. विवाहाच्या वहीत त्यांचीच नावे पुन्हा भेटतात. आज मंडळीतील कित्येक घराण्यांची वंशावळ त्या रेघेपाशी सुरू होते.

छावणीतील गोऱ्यांच्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनविधींच्या नोंदींच्या प्रती तेव्हा नियमाने वर पाठवल्या जात आणि त्या आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सुरक्षित आहेत. कामठीत जन्मलेल्या एखाद्या सार्जंटच्या मुलाचा शोध त्याचे वंशज तेथे घेऊ शकतात. आमच्या विणकराच्या मुलीचा बाप्तिस्मा मात्र या कपाटाबाहेर कोठेही लिहिलेला नाही. ही वही गेली, की ती मुलगी इतिहासातून गेली.

पुढची स्थित्यंतरे थोडक्यात सांगता येतात. १९३० मध्ये हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने स्वतंत्र झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकनांसह सहा मंडळ्या एकत्र आल्या. खरे तर मराठी मंडळ्यांचे ऐक्य गाण्यात आधीच झाले होते. रेव्हरंड ना. वा. टिळक अमेरिकन मिशनचे, तरी त्यांची भजने पेटी आणि तबल्याच्या साथीवर आमच्याकडेही गायिली जात आणि आजही जातात.

इमारतीची डागडुजी मंडळी हौसेने करते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते आणि भिंतींना तडे जातात. कवेलू दरवर्षी चाळावे लागतात. त्यासाठी वर्गणी निघते, कारण तडा सर्वांना दिसतो. वह्यांसाठी मात्र आजवर कोणी वर्गणी काढली नव्हती. यंदाच्या कापणीच्या सणात धानाची पायली, तुरीच्या शेंगा, भोपळे आणि कोंबड्या यांचा जो लिलाव होईल, त्याचे पैसे लोखंडी कपाटासाठी आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र घेण्यासाठी वापरावेत, असा प्रस्ताव मी पाळक-कमिटीपुढे ठेवला आहे. ज्यांच्या घरी जुने बाप्तिस्म्याचे किंवा विवाहाचे दाखले असतील, त्यांनी त्या दिवशी ते सोबत आणावेत, म्हणजे वाळवीने खाल्लेल्या नोंदी त्यांवरून भरून काढता येतील.