शिरोरेघ : भावाच्या कार-टी उपचाराचे दिवस

धाकट्या भावाचा ब्लड कॅन्सर दुसऱ्यांदा उलटला, तेव्हा नुसत्या केमोवर आता भागणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याचं वय २३. बी-पेशींचा, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचा ल्युकेमिया. मग त्यांनी कार-टीचं, म्हणजे रुग्णाच्याच पेशी बदलून कॅन्सरवर सोडण्याच्या उपचाराचं, नाव काढलं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटरमधल्या संशोधकांनी तयार केलेल्या या उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजुरी मिळाली. परदेशात अशा उपचाराला तीन-चार कोटी लागतात, इथे खर्च तीस-चाळीस लाखांच्या घरात. आमच्यासाठी तोही डोंगरच होता. विमा कंपनीने आधी सरळ नकार दिला. डॉक्टरांचं पत्र जोडून पुन्हा अर्ज केला, तेव्हा थोडी रक्कम मंजूर झाली. नकार आला तरी परत अर्ज कराच.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. रक्तातल्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, बाहेर काढायच्या, निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत त्यांच्यात नवा जनुक घालायचा. मग बी-पेशींवरची सीडी१९ ही खूण त्यांना ओळखू येते. त्या वाढवून त्याच माणसाला परत द्यायच्या. निरोगी बी-पेशींवरही तीच खूण असते, त्यामुळे त्याही मरतात, हेही त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं.

पेशी काढायला चारेक तास लागले. एका नळीने रक्त मशीनमध्ये जातं, हव्या त्या पेशी वेगळ्या होतात, बाकीचं दुसऱ्या नळीने परत येतं. मध्येच त्याच्या ओठांना मुंग्या आल्या. रक्त गोठू नये म्हणून जे औषध घालतात, त्याने कॅल्शियम उतरतं. सिस्टरनी कॅल्शियम दिल्यावर थांबलं. असं झालं तर सोसत बसू नका, लगेच सांगा.

पुढचे तीन आठवडे काढणं सगळ्यात अवघड गेलं. पेशी पुरेशा वाढल्याच नाहीत तर? मी फोन उशाशी घेऊन झोपायचे.

मग तीन दिवस केमो, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी वाढवलेल्या पेशींची ती पिशवी आली. लहानशी. काही मिनिटांत संपली. पेशी गोठवून ठेवताना वापरलेल्या द्रवाचा लसणासारखा वास खोलीत पसरला. आई म्हणाली, "एवढंच?"

पेशी दिल्यानंतर तिसऱ्या दिवशी ताप १०३ वर गेला, बीपी उतरलं. डॉक्टरांनी टोसिलिझुमॅब दिलं. या औषधाची गोष्ट मला नंतर कळली. २०१२ साली फिलाडेल्फियात एमिली व्हाइटहेड ही सहा वर्षांची मुलगी कार-टीनंतर अशाच तापाने मरणाच्या दारात पोचली होती. तिच्या शरीरात इंटरल्युकिन-६ हा घटक बेसुमार वाढलेला दिसला. हा उपचार विकसित करणारे संशोधक डॉ. कार्ल जून यांच्या मुलीला लहानपणापासून संधिवात होता, म्हणून तो घटक अडवणारं हे संधिवातावरचं औषध त्यांना माहीत होतं. एमिली वाचली. त्या एका रात्रीचं ऋण माझ्या भावावरही आहे, असं मी मनापासून मानते.

मेंदूवर परिणाम होतोय का, हे पाहायला रोज सकाळ-संध्याकाळ परीक्षा व्हायची. नाव सांग, महिना सांग, शंभरापासून दहा-दहा कमी करत मोज, आणि वहीत एक वाक्य लिही. त्याचं वाक्य ठरलेलं: "मला आईच्या हातचा आमटीभात खायचा आहे." सहाव्या दिवशी संध्याकाळी काना-मात्रा भलतीकडे गेल्या, शिरोरेघ घसरत पानाच्या कडेला पोचली. डॉक्टरांनी घड्याळ दाखवून हे काय, म्हणून विचारलं. तो नुसता माझ्याकडे बघत राहिला. लगेच स्टिरॉइड सुरू झालं. त्या तीन रात्री मी वही उशाखाली ठेवून नुसती बसून होते. नवव्या दिवशी सकाळी शिरोरेघ पुन्हा सरळ आली. "ताई, तू झोपली नाहीस ना?" त्याने विचारलं.

तिसाव्या दिवशीच्या बोन मॅरो तपासणीत कॅन्सरच्या पेशी सापडल्या नाहीत. पूर्ण बरा झाला, असं डॉक्टर अजून म्हणत नाहीत, आणि आम्हीही वदवून घेत नाही. बी-पेशी नसल्यामुळे महिन्यातून एकदा सलाईनमधून इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे बी-पेशींमुळे एरवी शरीरात तयार होणारी रोगप्रतिकारक प्रथिनं, द्यावं लागतं. घरात कुणाला सर्दी झाली की तो वेगळ्या खोलीत झोपतो. पुढची तपासणी दिवाळीनंतर आहे.